शेवटच्या पानावरचा चेहरा

तान्ह्या पोळ्याला पूर्व नागपुरातल्या मुलाच्या हाती लाकडी बैल असतो आणि डोळ्यांपुढून मारबत जात असते. इथल्या लकडगंजचे नावच लाकडाच्या बाजाराचे. तिथून इतवारी हाकेच्या अंतरावर, आणि काळी व पिवळी मारबत निघते ती याच जुन्या वस्तीतून. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. रोगराई, दारिद्र्य, भ्रष्टाचार, जे जे नको ते या पुतळ्यांवर लादायचे आणि गावाबाहेर नेऊन जाळायचे, अशी ही रीत. काळ्या मारबतीचे नाते इंग्रजांना सामील झालेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडले जाते, म्हणजे सत्तेवरचा राग उघड्या रस्त्यावर काढण्याची धिटाईही तिच्यात आहे. या उत्सवाशी माझे भांडण नाही. पण दुष्टपणा दाखवायचा म्हटले की घडवणाऱ्याचा हात अक्राळविक्राळ चेहऱ्याकडेच वळतो, आणि तो चेहरा म्हणजे काय हे बघणाऱ्या मुलाला सांगावे लागत नाही. गोष्टींनी ते आधीच शिकवलेले असते.

मराठी मुलांना या गोष्टी फार लवकर भेटतात. कैकेयीचे कान फुंकणारी मंथरा कुबडी असते. मथुरेतली कुब्जा मनाने चांगली, म्हणून कृष्ण तिचे कुबड काढून तिला सरळ करतो. म्हणजे वाकलेल्या पाठीला कथेत दोनच वाटा: एक कारस्थानाची, दुसरी बरे होण्याची. अष्टावक्राचे उदाहरण याहून बोलके आहे. आठ ठिकाणी वाकडा असलेला हा मुलगा जनकाच्या दरबारात वादात जिंकतो, वादात हरला म्हणून पाण्यात बुडवलेल्या बापाला परत आणतो. त्याची विद्वत्ता सिद्ध झाली, सभेने मान दिला, तरी महाभारतातील कथा तिथे थांबत नाही. बापाच्या सांगण्यावरून तो समंगा नदीत उतरतो आणि सरळ अंगाने बाहेर येतो. एवढे सगळे करूनही कथेला त्याचे वाकडे शरीर जसेच्या तसे ठेववले नाही.

हॅन्स अँडरसनने १८४३ मध्ये लिहिलेली बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट गदिमांनी गाण्यातून मराठी घराघरांत पोचवली. ते गाणे आजही बालवाडीच्या स्नेहसंमेलनात होते, आणि मुलांना धीर द्यावा याच हेतूने होते. मात्र तो धीर कोणत्या अटीवर मिळतो ते पाहावे. पिल्लू राजहंस निघते, म्हणून त्याचे रडणे थांबते. ते साधे, वेगळे दिसणारे बदकच निघाले असते तर? पाण्यात इतर पिल्लांनी त्याला सोबत घेतले असते का, हा प्रश्न गोष्ट विचारतच नाही. ज्या मुलीच्या ओठाभोवती कोड आहे किंवा ज्या मुलाचा गाल भाजून आवळला आहे, त्यांना आपण हंस होणार नाही हे पक्के ठाऊक असते. त्यांच्यासाठी ही गोष्ट अर्धीच राहते.

आर. जे. पॅलासिओ यांची ‘वंडर’ ही २०१२ ची कादंबरी या बाबतीत पुढची पायरी आहे. ऑगी पुलमनचा चेहरा जन्मतः वेगळा आहे, आणि शेवटच्या पानापर्यंत तो तसाच राहतो. ही मोठी गोष्ट आहे. पहिल्यांदाच शाळेत जाणे, डबा खाताना एकटे बसणे, मित्र मानलेल्या मुलाने पाठीमागे बोलणे, हे सगळे त्यात अचूक उतरले आहे. तरीही शेवटी ऑगीला पदक मिळते आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते. समंगा नदीची जागा इथे पदकाने घेतली आहे. वर्गातल्या कुठल्याही मुलाने वर्ष काढले म्हणून त्याला पदक देत नाहीत. ऑगीला मिळते, कारण त्याच्याकडे पाहून इतर मुले चांगली झाली. चांगुलपणाची ही गोष्ट शेवटी इतरांच्या चांगुलपणाचीच होते.

विदर्भाला वेगळ्या चेहऱ्यांचा हा प्रश्न नवा नाही. रोगाने बदललेले चेहरे आणि समाजाने फिरवलेली पाठ यांचा मोठा इतिहास नागपूरच्या आसपासच घडला. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन. मुलांसाठी सांगितल्या जाणाऱ्या बाबांच्या चरित्रात एक प्रसंग हमखास येतो: पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम, त्याला पाहून घाबरलेले बाबा, आणि त्या भीतीवर त्यांनी केलेली मात. प्रसंग खरा आणि थोर आहे. पण तुळशीराम कोण होता, काय काम करायचा, त्याला कशाचे हसू यायचे, हे मुलांना कळत नाही. तो बाबांच्या आयुष्यातला एक क्षण होऊन उरतो. खुद्द बाबांचा भर भिकेवर नव्हता, कामावर होता. आनंदवनातले रुग्ण शेती करत, विहिरी खणत, कापड विणत. त्यांतल्या एखाद्याला नायक करणारी गोष्ट मात्र बालसाहित्यात रुजली नाही.

यावर कोणी म्हणेल की मुलांना गोड शेवट हवा असतो, आणि दया शिकवणे वाईट कसे? दया वाईट नाहीच. पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. डॉ. आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे: शिपाई असला तर तो नळ सोडायचा; शिपाई नाही, तर पाणी नाही. तिथे प्रश्न रूपाचा नव्हता, जातीचा होता. तरी एकाच्या दयेवर शाळा चालली की काय होते ते यातून दिसते. गोड शेवटाचे म्हणाल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. किडकिडीत पोरगा, शेकडो पाने धावतो, फसतो, सुटतो, आणि कुठल्याच पुस्तकाच्या शेवटी पैलवान होत नाही. वाचकांना कधी काही कमी पडले नाही. किडकिडीतपणा आणि भाजलेला चेहरा यांत फार अंतर आहे, हे मान्य. पण शरीर न बदलता मुलाला नायक करण्याची रीत मराठीत आहे, एवढे त्यावरून नक्की ठरते.

दुसरा आक्षेप असा की हे काम कायद्याचे, गोष्टींचे नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने यादी ७ प्रकारांवरून २१ वर नेली. ॲसिडहल्ल्याचे बळी आणि बुटकेपणा त्यात आले. कोड त्यात नाही. कोड संसर्गजन्य नाही, त्याने हातपाय थांबत नाहीत; त्या मुलाला प्रमाणपत्र लागत नाही आणि मिळतही नाही. त्याला सोसावी लागते ती फक्त इतरांची नजर. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलांना मारण्यास आणि त्यांच्या मानसिक छळास मनाई करते, पण बाकावर शेजारी बसायला कोणाला भाग पाडू शकत नाही. नजर घडते ती गोष्टीत. मोठ्यांसाठी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये ‘नितळ’ या चित्रपटात कोड असलेली तरुणी नायिका म्हणून उभी केली. मुलांच्या कथेला ते का जमू नये?

म्हणून ‘किशोर’ मासिकाला, दिवाळीत बालविशेषांक काढणाऱ्या संपादकांना आणि लकडगंजमधल्या शाळांत गोष्टीचा तास घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. चोरी पकडण्याच्या, सहलीच्या, भुताच्या एखाद्या गोष्टीत दुसऱ्या बाकावर कोड असलेली मुलगी बसवा. तिला गृहपाठ चोरू द्या, खो-खोत हरू द्या, मैत्रिणीशी खोटे बोलू द्या, आणि चोर तिनेच पकडला पाहिजे असा हट्ट धरू नका. तिच्या चेहऱ्यावर कोणाला भाषण करायला लावू नका. आणि गोष्ट संपेल तेव्हा तो चेहरा पहिल्या पानावर होता तसाच राहू द्या.