शेणखतातील सुई
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



लागणीपूर्वी हेक्टरी 20-25 टन चांगले कुजलेले शेणखत घाला, असे आम्ही शेतकी खात्याची माणसे दरवर्षी सांगत असतो. हे खत येते उकिरड्यातून. त्या उकिरड्यात काय काय जाते, इकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. गेल्या लागणीच्या वेळी लिंबागणेश परिसरातील एका प्लॉटवर खत विस्कटताना बायकांनी इंजेक्शनच्या सुया वेचून बांधावर ठेवल्या होत्या. मोजल्या तर अकरा भरल्या. शेण कुजते, पाचट कुजते, सुई कुजत नाही. गंजते, पण टोक राहतेच. आणि ओल्या लागणीत बेणे पायाने दाबणारा माणूस अनवाणी असतो, हे मी सांगायला नको.

या सुया बहुतेक गोठ्यातून येतात. 2022 साली लम्पीची साथ आली, तेव्हा गावोगाव जनावरांना लस टोचली गेली. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरावी हे बरोबरच आहे, कारण एकाच्या रक्तातला रोग दुसऱ्याला सुईच नेऊन देते. पण सुया जास्त वापरल्या की टाकायच्याही जास्त. दावणीशी पडलेली सुई सकाळी शेणाबरोबर पाटीत जाते, पाटी उकिरड्यावर, आणि उकिरडा गाडीत भरून उसात.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत माणसांच्या दवाखान्यांबरोबर जनावरांचे दवाखानेही येतात. टोचणाऱ्याने सुई सहज भोसकली न जाणाऱ्या डब्यात टाकून परत न्यायची, अशी रीत आहे. तेव्हा "डॉक्टरसाहेब, सुई तेवढी घेऊन जा" असे म्हणायला संकोच कसला? चहाचे विचारतो तसे हेही विचारावे. काही सभासद स्वतःच गोठ्यात इंजेक्शन देतात. ते देऊ नये हे आमचे मत, पण देतच असाल तर सुईची जबाबदारीही तुमचीच.

बैलाचेही यात नुकसान आहे. वाढे टाकले की जनावर जिभेने ओढून घेते, नीट चावत नाही. त्यात सुई वा तारेचा तुकडा असला तर तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो आणि पुढे पडदा फोडून थेट काळजापर्यंत पोहोचतो. बैल चारा सोडतो, कण्हतो, पुढचे कोपर फाकवून उभा राहतो. वेळेत लक्षात आले तर ठीक, नाहीतर जनावर हातचे जाते. ऐन हंगामात एक बैल बसला तर गाडीवानाचा हंगाम बसलाच, आणि घेतलेली उचल काही फिटत नाही.

आता घरातील सुई. मधुमेहामुळे घरी इन्सुलिन घेणारे सभासद आता बरेच आहेत. सुई कचऱ्यात, चुलीत किंवा मोरीत टाकू नये. चुलीत प्लास्टिक जळून विषारी धूर होतो, सुई राखेत तशीच राहते, आणि राखही शेवटी उकिरड्यावरच जाते. जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा घ्यावा. सुई वापरली की लगेच, वाकवायच्या भानगडीत न पडता, त्यात टाकावी. टोपण परत बसवायला जाऊ नये, कारण बोटाला टोचते ती बहुधा त्याच वेळी. डबा पाऊण भरला की झाकण पक्के करून प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून तेथे द्यावा. डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नये. पोरे सिरिंजची पिचकारी करून खेळतात, हे आपण पाहतोच.

जुन्या मंडळींना कंपाउंडरची काचेची पिचकारी आणि ती उकळायची डबी आठवत असेल. आताची प्लास्टिकची सिरिंज उकळून पुन्हा वापरण्यासाठी नाहीच, ती एकदाच. 2009 साली गुजरातेत मोडासा येथे 'ब' प्रकारच्या काविळीची साथ आली, माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने ती पसरल्याचे तपासात निघाले, आणि टाकलेल्या सिरिंजा गोळा करून विकण्याचा धंदाही उघडकीला आला. आपले तोडणी मजूर कोपीवर तापाने फणफणले की जो कोणी सुई मारील त्याच्यापुढे दंड धरतात. सुई नाही तर औषध नाही, अशी आपल्याकडे समजूतच आहे. गोळीने भागत असेल तर गोळी घ्यावी, आणि सुई घ्यायचीच तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. मुकादमांनी हे टोळीला समजावून द्यावे, अशी विनंती आहे.

एवढे करूनही पायाला वा हाताला सुई टोचली, तर जखम दाबू किंवा चोखू नये, हळद-चुना-तंबाखू लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल, काविळीच्या लशीचेही विचारावे. या काविळीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही टिकतो. एचआयव्हीची शंका असली तर त्यावरचे औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे.

जनावर धरताना लाळ-खुरकताची तेलमिश्रित लस चुकून बोटात गेली, तर थेंबभर म्हणून सोडून देऊ नये. बोट सुजून रक्तपुरवठा तुटू शकतो आणि लगेच शस्त्रक्रिया करावी लागते. दवाखान्यात जाताना लशीची बाटली बरोबर न्यावी, म्हणजे आत काय गेले ते डॉक्टरांना कळते.