बुऱ्हाणपूरचा खुनी भंडारा: ऐकीव आणि खरे

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी रावेर मागे टाकून बुऱ्हाणपूरला आली, की डब्यात कुणीतरी ताजमहालाची गोष्ट काढतेच. मुमताज आग्र्यात वारली असे मानणारे आजही पुष्कळ भेटतात. ती वारली ती इथे, जून १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला पुरले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. पण मला या गावाची त्याहून मोठी वाटणारी गोष्ट जमिनीखाली आहे.

तिचे नाव खुनी भंडारा. नाव ऐकून लोक कत्तलीच्या कहाण्या रचतात. प्रत्यक्षात ती शहराची पाणीयोजना होती. पाण्याला लालसर झाक होती म्हणून हे नाव पडले असे गावात सांगतात. दुसरे नाव कुंडी भंडारा, आणि कामाचे वर्णन त्यातच आहे.

लालबागेकडच्या माळावर एका रांगेत उभे गोल कठडे पाहून पाहुण्याला वाटते, या विहिरी. त्या विहिरी नाहीत, एकाच भुयाराची तोंडे आहेत. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि उताराने तापीकडे सरकत राहतो. त्याच्या वाटेत, बऱ्याच खोलीवर, अगदी मंद उताराचे भुयार खणले. ठरावीक अंतरावर आधी उभ्या कुंड्या पाडायच्या, मग खालून एकीला दुसरी जोडायची. माती कुंडीतून वर काढायची. पुढे हवा खेळती ठेवायला आणि गाळ उपसायला त्याच कुंड्या कामी येतात. अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. झिरपलेले पाणी भुयारातून आपल्या वजनानेच जाळी कारंजापर्यंत वाहत जायचे आणि तिथून नळांनी शहरात. ना मोट, ना रहाट. म्हणून 'तापीचे पाणी वर चढवत' ही समजूतही चूक. नदी खाली राहते, पाणी डोंगराकडून येते.

हे काम शहाजहानचे नव्हे. ते जहांगीरच्या काळातले, १६१५ चे, आणि करवून घेतले अब्दुर्रहीम खानखानानने, ज्याला आपण दोह्यांचा कवी रहीम म्हणून ओळखतो. आखणी करणाऱ्या इराणी जाणकाराचे नाव तबकुतुल अर्ज सांगतात. अरबीत 'तबकात-उल-अर्ज' म्हणजे जमिनीचे थर, तेव्हा मला हे नावापेक्षा पदवीच वाटते.

भुयार संगमरवरी आहे, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. भिंतींवरचा तो पांढरेपणा पाण्यातल्या चुन्याचा आहे, वर्षानुवर्षे साचत गेलेला.

'असे भारतात दुसरे नाही' हा दावा तर मराठी माणसाने तरी करू नये. इराणात ज्याला कनात किंवा कारेझ म्हणतात, तीच विद्या औरंगाबादच्या नहरे अंबरीत आहे, बिदरलाही आहे. आणि योग असा, की नहर खोदवणारा मलिक अंबर आणि खानखानान हे दख्खनच्या रणांगणावरचे शत्रू. एकाच दशकात दोघांनीही आपापल्या शहरासाठी जमिनीखालून पाणी आणले. आपल्या शालेय इतिहासात दोघांच्या लढाया येतात, नहरी येत नाहीत, याची मला खंत आहे.

आणखी एक. भंडारा जागतिक वारसा झाला, असे संदेश फिरतात. २०२४ मध्ये तो युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आला. ती पहिली पायरी, मान्यता अजून पुढे आहे.

शेवटी, 'भुयार शाबूत आहे म्हणजे पाणी मिळत राहील' ही समजूत. हा जिल्हा केळीचा आहे, आणि केळीला पाणी फार लागते. भुयार स्वतः पाणी निर्माण करत नाही, मुरलेले तेवढे गोळा करते. वरच्या अंगाला बोअर खोल गेले, टेकड्या उघड्या पडल्या आणि पाणीपातळी भुयाराच्या खाली उतरली, तर चारशे वर्षांच्या कुंड्या धड राहूनही कोरड्या पडतील.