मेंदूचा एक विकार आणि डॉ. नोशिर वाडिया

डॉ. नोशिर वाडिया हे नाव आपल्या लोणावळा-मावळ भागात फारसे कोणाच्या परिचयाचे नसेल. क्रिकेटपटूंची नावे मुलांना तोंडपाठ असतात, मेंदूरोगतज्ज्ञाचे नाव कोण लक्षात ठेवतो? तरीही विद्यार्थी मित्रांनी या माणसाचे काम समजून घ्यावे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती असते. ती घराच्या राखणदारासारखी. कधी कधी मात्र राखणदार घरच्याच माणसावर काठी उगारतो. कुत्रे चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने जुन्या मंडळींना आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार करीत. तिने असंख्य प्राण वाचवले. परंतु मेंढीच्या मेंदूतील द्रव्य आपल्या मेंदूतील द्रव्याशी मिळतेजुळते. त्यामुळे थोड्या लोकांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर व मज्जारज्जूवर उलटे आणि त्यांचे पाय लुळे पडत. आपल्या देशात या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता दंडात देण्याच्या सुरक्षित लशी आहेत. कुत्रे चावल्यास त्या टाळू नयेत.

‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हा याच जातीचा विकार, मात्र तो अशी लस न घेताही होतो. विजेच्या वायरीला असते तसे आवरण मज्जातंतूंना असते. प्रतिकारशक्ती ते ठिकठिकाणी नष्ट करते. एका डोळ्याने अंधुक दिसू लागते, पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. रोगी बहुधा तरुण असतो आणि त्यातही स्त्रियांचे प्रमाण अधिक. फसवी गोष्ट अशी की, काही आठवड्यांत त्रास पुष्कळदा आपोआप ओसरतो. घरच्यांना वाटते, देवऋषीचा अंगारा लागू पडला! पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसरा झटका येतो आणि प्रत्येक झटक्यागणिक थोडे नुकसान कायमचे राहून जाते.

डॉ. वाडिया यांचा जन्म १९२५ साली सुरत येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते इंग्लंडला गेले आणि तेथे रसेल ब्रेन यांच्या हाताखाली मेंदूशास्त्र शिकले. (ब्रेन हे त्या गुरूंचे खरेच आडनाव!) विलायतेत राहणे त्यांना अवघड नव्हते. पण ते परत आले आणि १९५७ पासून जे. जे. रुग्णालयात काम करू लागले. तेथे गर्दी असे ती गोरगरिबांची. त्या गर्दीतूनच त्यांचे संशोधन उभे राहिले. डोळ्यांची हालचाल मंदावणारा एक आनुवंशिक आजार त्यांनी नऊ कुटुंबांत ओळखून १९७१ साली जगापुढे मांडला. पुढे जसलोक रुग्णालयाचा मेंदूविभाग त्यांनी उभा केला.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा थंड मुलखातील गोऱ्या लोकांचा आजार, भारतात तो क्वचितच, असे तेव्हा मानले जाई. पुस्तकातला आकडा तसाच पुढे ओढणे सोपे असते. बँकेत शिल्लक जुळेना झाली की आम्हाला मात्र मूळ नोंदीच काढून बघाव्या लागतात. डॉ. वाडिया यांनीही तेच केले. मुंबई व पुण्याच्या पारशी समाजातील रुग्णांची त्यांनी सहकाऱ्यासह गणती केली आणि १९९० साली दाखवून दिले की, या समाजात हा आजार चांगलाच आढळतो. पारशी लोक हजार वर्षांपूर्वी इराणातून आले, लग्ने आपसांत करीत राहिले; हवा, पाणी, ऊन मात्र शेजाऱ्यांचेच. म्हणजे केवळ थंड हवामानावर बोट ठेवून भागत नाही, रक्तातून येणाऱ्या गुणांचाही विचार करावा लागतो.

२०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २०१६ साली ते निवर्तले. आज एमआरआय तपासणीमुळे हा आजार लवकर ओळखता येतो आणि झटके कमी करणारी औषधेही आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था १९८५ साली मुंबईत स्थापन झाली, तिची शाखा पुण्यातही आहे. कामशेत-वडगावकडच्या एखाद्या मुलीची एका डोळ्याची नजर अचानक अंधुक झाली, तर चष्म्याच्या दुकानात न थांबता तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि ती आपोआप बरी झाली तरी मेंदूरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.