कात्रीला धार एकाच बाजूने का?

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की तासगावच्या द्राक्षबागांत कात्र्या बाहेर निघतात. नीट पाहा: कात्रीचं एकच पातं कापतं, दुसरं, अडकित्त्याच्या खालच्या दांड्यासारखं, काडी नुसती धरून ठेवतं. कापणारं पातं एका अंगाने उतरतं, दुसऱ्या अंगाने सपाट. दगड फिरवायचा तो उतरत्या अंगावरच, मूळ उतार सांभाळून. सपाट अंग घासून झिजवलं, की दोन पात्यांत फट पडते; काडी तुटण्याऐवजी मुडपते, साल चिरडते. अशी जखम उशिरा सुकते आणि बुरशीला आयती वाट मिळते. सपाट बाजूला दगड आडवा टेकवून धारेवर उठलेली बारीक कड तेवढी काढावी. संध्याकाळी पातं पुसून स्क्रूजवळ तेलाचा थेंब सोडा. रोगट वेलीनंतर स्पिरिटचा बोळा फिरवणं तर चुकवूच नका.