मारिओच्या उडीचा नेमका क्षण

संपादकांना ‘सुपर मारिओ आरपीजी’चा इतिहास हवा होता. तो थोडक्यात असा: नायक निन्टेंडोचा, घडण ‘फायनल फँटसी’वाल्या स्क्वेअरची. मार्च १९९६ मध्ये जपानात आणि मे महिन्यात अमेरिकेत हा खेळ सुपर निन्टेंडोवर आला. निर्माते शिगेरू मियामोतो, दिग्दर्शक चिहिरो फुजिओका आणि योशिहिको माएकावा, संगीत योको शिमोमुरा यांचं. मारिओचा वैरी बाउझर, त्याच्या किल्ल्यावर एक अजस्र तलवार कोसळते आणि बेघर झालेला बाउझर चक्क मारिओच्या टोळीत येतो!

मला मात्र या खेळातल्या एका बटणाने धरून ठेवलं. त्या काळच्या बहुतेक आरपीजींमध्ये, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांमध्ये, लढाई म्हणजे यादीतून ‘हल्ला’ निवडायचा आणि पुढचं बघत बसायचं. इथे मारिओ उडी मारतो, शत्रूच्या डोक्यावर पाय पडतो, त्याच क्षणी बटण दाबलं की फटक्याचा जोर वाढतो. शत्रूचा वार येताना वेळ साधली तर इजा कमी होते, अगदी अचूक साधली तर होतच नाही. तबलजीने सम गाठावी तसं हे अंगात मुरावं लागतं. प्रत्येक हल्ल्याचा क्षण निराळा: अग्निगोळ्यांसाठी बटण भराभर दाबायचं, मारिओचा साथीदार जीनो याच्या किरणासाठी धरून ठेवून योग्य वेळी सोडायचं. ‘सुपर जंप’मध्ये तर उडीवर उडी, एकाच हल्ल्यात न चुकता शंभर झाल्या की मॉन्स्ट्रो टाउनमध्ये ‘सुपर सूट’ बक्षीस मिळतो. धावत्या-उड्या मारत्या मारिओला पाळीपाळीच्या लढाईत बसवायचं आणि तरी त्याची उडी खेळाडूच्या बोटात ठेवायची, हा प्रश्न इतक्या साधेपणाने सुटलेला पाहून मी थक्क होते.

खेळातली चित्रं मोठ्या संगणकांवर त्रिमितीत घडवून मग सपाट करून घेतलेली. मदतीला कार्ट्रिजमध्येच एसए-१ ही जादा चिप बसवली. तिचा वेग १०.७४ मेगाहर्ट्झ, तर खुद्द यंत्राच्या प्रोसेसरचा फार तर ३.५८.

निन्टेंडो आणि स्क्वेअरची ही जोडी मात्र टिकली नाही. १९९६च्याच जानेवारीत स्क्वेअरने पुढची ‘फायनल फँटसी’ सोनीच्या प्लेस्टेशनवर नेत असल्याचं जाहीर केलं होतं. फुजिओका आणि माएकावा यांनी पुढे अल्फाड्रीममध्ये ‘मारिओ अँड लुइजी’ मालिकेत हेच बटण आणखी फुलवलं. ती कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

२०२३ मध्ये स्विचवर नवी आवृत्ती आली. तीत नेमका क्षण दाखवणारं उद्गारचिन्ह उमटतं, नवख्यांची सोय होते. मूळ खेळ मात्र जुन्या यंत्रावर लावला की अडचण टीव्हीची असते. नळीच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ तत्काळ उमटायचं. आजचे बरेच सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात सेकंदाचा बारीकसा अंश घालवतात. मारिओचा पाय पडलेला दिसेपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. टीव्हीतला ‘गेम मोड’ हा उशीर कमी करतो, पण प्रत्येक टीव्हीत तो असतोच असं नाही. नळीचे टीव्ही भंगारात निघालेत, आणि ते दुरुस्त करणारे हातही कमी होत चाललेत.