मोबाइलातील टिपणवही व तिची किल्ली

सांप्रत आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ मुलांच्या घरी एक तरी मोबाइल आहे, आणि अभ्यासाची टिपणे त्यातच लिहून ठेवण्याची चाल पडली आहे. ही चाल वाईट नव्हे. परंतु एकदा लिहून ठेवलेले टिपण कायमचे राहते, हा समज चुकीचा आहे, हे आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो आहो.

दोन पावसाळ्यांपूर्वी उंबरठाणकडून परत येताना ओहोळ ओलांडीत असता आमचा मोबाइल पाण्यात गेला. पाड्यांवरील वृद्ध आज्यांकडून ऐकून टिपलेले कोकणा बोलीतील दोनशेंवर शब्द त्यात होते. टिपणांची एक प्रत इंटरनेटवर आपोआप जात असे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. नवा मोबाइल घेऊन पाहतो तो पासवर्ड आठवेना; आणि तो बदलण्यासाठी लागणारा ओटीपी ज्या जुन्या क्रमांकावर जाई, तो क्रमांक रिचार्जावाचून केव्हाच बंद झालेला! शब्द गेले. ज्यांनी ते सांगितले त्यांपैकी एक आजी आता हयात नाहीत.

तेव्हा आपली टिपणे प्रत्यक्ष असतात कोठे, हे प्रथम पाहावे. ती दुसऱ्याच्या जागेत असली तर तेथील नियम आपल्या हाती नसतात. एव्हरनोट या प्रसिद्ध टिपणवहीने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणारांस ५० टिपणे व एक वही एवढीच मर्यादा घातली. जुनी टिपणे राहिली, पण त्याहून अधिक नवी लिहिता येईनात. याउलट ऑब्सिडियन हे ॲप टिपणे आपल्याच यंत्रातील एका फोल्डरात साध्या मजकुराच्या फायली करून ठेवते. उद्या ते ॲप नाहीसे झाले तरी फायली दुसऱ्या कशानेही उघडतात. जॉप्लिन हे फुकट मिळते व मोबाइल आणि संगणक दोन्हींवर चालते. रेंज नसताना त्यात लिहिता येते आणि रेंज मिळताच दोन्ही यंत्रांतील टिपणे जुळविता येतात. आमच्या डोंगराळ तालुक्यात हा गुण मोठाच म्हणावा लागेल. मात्र जुळवणी होण्यापूर्वी एकच टिपण दोन्हीकडे बदलले, तर दोन पाठ तयार होतात व कोणता खरा ते आपणांसच ठरवावे लागते.

मांडणीचा फार खटाटोप करू नये. रंग व चित्रे निवडण्यात संध्याकाळ घालविणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत! विषयवार चार वह्या कराव्या आणि शीर्षकाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे टिपणे आपोआप ओळीने लागतात.

आता कुलुपाविषयी. जॉप्लिनमध्ये मजकूर यंत्राबाहेर पडण्यापूर्वीच अगम्य करून टाकण्याची सोय आहे. वाटेत वा साठवणीच्या जागी तो कोणास वाचता येत नाही. ही सोय मुळात बंद असते. ती एका यंत्रावर सुरू करावी, जुळवणी पूर्ण होऊ द्यावी, आणि मग दुसऱ्या यंत्रावर तोच पासवर्ड द्यावा. हा पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवून देणारे कोणी नाही. पासवर्ड कागदावर लिहू नये असे शहरात सांगतात. आम्ही तर म्हणतो की लिहावा, व रेशनकार्डाजवळ पेटीत ठेवावा. शिवाय यंत्राच्या आत टिपणे उघडीच असतात. तेव्हा घरातील सर्वांच्या हाती फिरणाऱ्या मोबाइलास स्वतःचे कुलूप हवेच.

मराठी लिहिणारांस आणखी एक धोका आहे. जुन्या टायपिंगच्या फाँटांत मराठी आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत; म्हणून तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक दिसतो. युनिकोडात प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे, जसे 'क' चा २३२५. तो सर्व यंत्रांवर एकच. टिपणे युनिकोडातच लिहावी.

हल्ली आम्ही दर महिन्यास सर्व टिपणांची प्रत पेन ड्राइव्हवर काढतो व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. पुन्हा जमविलेले शब्द आता एकशे तीस झाले आहेत. पाऊस व नागली यांविषयीचे पुष्कळ शब्द अद्याप सापडलेले नाहीत. ज्यांच्या घरी जाणती माणसे आहेत त्यांनी ते आम्हांस आणून द्यावे.