आवाज मोठा नको, शब्द स्पष्ट हवेत

आमच्या अब्बांनी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर तीस वर्षे काढली. पत्रा ठोकणाऱ्या त्या मशीनने घर चालवले, मुलांची शिक्षणे केली, पण जाताना अब्बांचे कान घेऊन गेली. कानात कापसाचा बोळा घालून काम करण्याचे ते दिवस. कारखान्यांच्या नियमांत 8 तासांच्या पाळीसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, हेही तेव्हा कोणी सांगितले नव्हते. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात असे अब्बा गल्लोगल्ली भेटतील. घरात टीव्ही मोठ्याने लावणारे, आणि चार माणसांत बसले की गप्प होणारे.

ही गोष्ट त्यांच्या कानांची आहे, आणि आमच्या जुन्या गाडीचीही.

गाडी म्हणजे 2004 सालची टेम्पो ट्रॅव्हलर. आपल्या आकुर्डीच्या कंपनीची. 2005 मध्ये कंपनीचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले, पण आमच्या गाडीवर अजून ‘बजाज टेम्पो’च आहे. 15 वर्षे झाल्यावर फिटनेस करून नोंदणी वाढवून घेतली. मागच्या सीटा काढून घडीचा पलंग, पाण्याची टाकी आणि छोटी शेगडी बसवली. बॉडीत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद लागते. तेही रीतसर केले. वर्षातून दोनदा या गाडीने आम्ही ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मंडणगड करत दापोलीला गावी जातो. हॉटेलचा खर्च वाचतो आणि अम्मींना वाटेत आडवे होता येते.

गाडीत जुना कॅसेट प्लेअर होता, आणि तो अब्बांच्या जिवाचा. आमचे मोठे चाचा कुवेतला होते. त्या काळी कोकणातल्या कितीतरी घरांत आखातातून पत्राऐवजी कॅसेट यायची. फोन महाग, लिहायला वेळ नाही. मग माणूस कॅसेटमध्ये तासभर बोलायचा आणि गावी निघालेल्या कोणाच्या तरी हाती ती पाठवायचा. चाचा आता नाहीत. त्यांच्या सात कॅसेट अब्बांकडे आहेत. प्रवासात त्या लावायच्या हा अब्बांचा रिवाज. पण दोनेक वर्षांपासून त्यांनी कॅसेट मागणे बंद केले. आम्हाला वाटले, मन उडाले असेल.

पहिली चूक

गेल्या वर्षी आम्ही ठरवले की अब्बांना ऐकू येत नाही, तर आवाज वाढवू. एका दुकानात गेलो. डब्यावर ‘1000 वॅट’ लिहिलेला अ‍ॅम्प्लिफायर, मागे मोठा बास बॉक्स आणि दारांत नवे स्पीकर, असे सगळे एका दुपारी बसले. गाडी हादरू लागली. मुले खूश झाली. अब्बांनी मात्र दोन्ही हातांनी कान झाकले. “आवाज आहे,” ते म्हणाले, “शब्द नाहीत.”

खरी गोम या वाक्यात होती, पण ती आम्हाला नंतर कळली. दुसरा धक्का घाटात बसला. ड्रायव्हरच्या सीटखालून जळक्या रबराचा वास येऊ लागला. गाडी कडेला घेतली, बॅटरीचे टर्मिनल सोडवले. बॅटरीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी जाड वायर सीटच्या पत्र्यावर घासून सोलली गेली होती आणि तिच्यावर कुठेही फ्यूज नव्हता. मागे पलंगावर मुले झोपलेली, शेजारी गॅसचा सिलिंडर. अल्लाहने वाचवले. दुकानदार घाईत होता हे खरे, पण फ्यूज कुठे आहे, हे आम्हीही विचारले नव्हते.

कान काय ऐकतो?

परत आल्यावर आम्ही आधी अब्बांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. तपासणीचा आलेख दाखवत डॉक्टरांनी समजावले. सततच्या गोंगाटाने आधी बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकण्याची शक्ती जाते, विशेषतः 4000 हर्ट्‌झच्या आसपास. बोलण्यातला भरीव आवाज म्हणजे ‘आ’, ‘ओ’ असे स्वर. ते खालच्या पट्टीत असतात आणि ऐकू येतात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ही व्यंजने वरच्या पट्टीत असतात. ती हरवली की ‘सात’ आणि ‘हात’ यांत फरक उरत नाही. कोणीतरी बोलतेय हे कळते, काय बोलतेय ते कळत नाही. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम बोचतो. म्हणून बास वाढवणे हा उपाय नव्हे, उलट त्रास. श्रवणयंत्राची सुरुवातही तेव्हाच झाली.

डिझेल गाडीत आणखी एक अडचण असते. इंजिनची घरघर आणि टायरचा आवाज खालच्या पट्टीतले. जुन्या गाडीत पत्रे थरथरतात ते वेगळेच. या गोंगाटात बोलणे बुडून जाते आणि मग आपण आवाज वाढवत जातो.

दुसऱ्यांदा, क्रमाने

या वेळी नात्यातला एक मुलगा मदतीला आला. तो चाकणच्या कारखान्यात वायरिंगचे काम करतो. त्याने सांगितलेला क्रम वाचकांच्या उपयोगी पडेल.

आधी वायरिंग. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो, तो वायर पेटू नये म्हणून असतो. आम्ही 6 चौरस मिलिमीटरची लवचिक वायर आणि 30 अ‍ॅम्पिअरचा फ्यूज घातला. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही मिळते. तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी निघाली तर परत करा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवा. अर्थिंगची जागा रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर घट्ट आवळा. ती सैल असेल तर इंजिनच्या वेगाबरोबर स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते.

मग शांतता. दारांचे पत्रे, इंजिनचे झाकण आणि चाकांवरचा भाग यांवर डॅम्पिंग शीट चिकटवली. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. थरथरणाऱ्या पत्र्याचा चौथा हिस्सा झाकला तरी पुष्कळ फरक पडतो. आमच्या मते सगळ्या पैशांत हेच पैसे सर्वाधिक सार्थकी लागले.

मग स्पीकर. बास बॉक्स काढून टाकला. अब्बा बसतात त्या जागेजवळ, डोक्याच्या उंचीवर दोन छोटे स्पीकर लावले. स्पीकर कानाजवळ असला की आवाज कमी ठेवूनही शब्द पोहोचतात. विकत घेताना डब्यावरचा ‘पीक’ वॅटचा आकडा पाहू नका, ‘आरएमएस’ पाहा. ‘50 वॅट गुणिले 4’ लिहिलेला साधा प्लेअर प्रत्यक्षात दर स्पीकरला 15 ते 20 वॅटच देतो. सेन्सिटिव्हिटीचा आकडाही वाचा. त्यातला 3 डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर घेतल्यासारखे.

मग सेटिंग. ‘लाउडनेस’ बंद, बास खाली, 2000 ते 4000 हर्ट्‌झची पट्टी किंचित वर. पैसा एकही लागला नाही, पण अब्बांनी मान वर केली ती याच वेळी.

शेवटी बॅटरी. मुक्कामाला गाडी उभी असताना इंजिनच्या बॅटरीवर काही चालवू नका, सकाळी ढकलावी लागेल. आम्ही वेगळी 100 अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी आणि मध्ये आयसोलेटर बसवला. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये. म्हणजे 50 अ‍ॅम्पिअर-तास हाताशी, 5 अ‍ॅम्पिअरने वापरले तर 10 तास. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तळाशी साचतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर आणि रिले सिलिंडरपासून दूर आणि उंचावर ठेवले.

मुलांचे कान, शेजाऱ्यांचे कान

अब्बांचे जे झाले ते नातवंडांचे होऊ नये, म्हणून प्लेअरमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. मागे बसलेल्याशी ओरडावे लागत असेल तर आवाज जास्त आहे, ही आमची घरगुती कसोटी. ड्रायव्हरला मागचा हॉर्न आणि रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू आला पाहिजे. मुक्कामाच्या गावात रात्री 10 नंतर आम्ही सगळे बंद करतो. कायदा तर आहेच, पण झोपलेल्या माणसाचाही आपल्यावर हक्क असतो.

सातवी कॅसेट

कॅसेटची फीत जुनी झाली की चिकटते, तुटते. म्हणून साती कॅसेट आधी फोनमध्ये उतरवून घेतल्या, त्यांच्या प्रती सगळ्या भावंडांकडे ठेवल्या. तुमच्या घरात अशा कॅसेट असतील तर हे काम पुढच्या ईदवर टाकू नका.

या पावसाळ्याआधी गावी जाताना माणगाव सोडल्यावर आम्ही सातवी कॅसेट लावली. चाचांचा आवाज, मागे एअर कंडिशनरची घरघर. ते विचारत होते, “विहिरीजवळच्या फणसाला यंदा किती लागले? मला खोटे सांगू नकोस.” अब्बा एकदम हसले. मग धाकट्या नातीकडे वळून त्यांनी तो फणस, ती विहीर आणि खोटे सांगितल्याची पूर्ण हकिकत ऐकवली. मंडणगड येईपर्यंत ते बोलत होते.

दोन वर्षे आम्ही समजत होतो की अब्बांचे मन उडाले. मन जागेवरच होते. त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचत नव्हते. तुमच्या घरातले वडीलधारे अलीकडे गप्प झाले असतील, तर गाडीचे नंतर पाहा. आधी एकदा त्यांचे कान तपासून घ्या.